रावांच्या घरचा एसी आणि माझं फायनल इयर

८ फेब्रुवारी, रविवार

आज सकाळी पावणेअकराला सगळं बदललं. वेळ लिहून ठेवतो, पुढे कधी लागली तर असावी.

रावांच्या हॉलमध्ये स्टुलावर उभा होतो. एसीचं झाकण उघडं, खाली धुवायची प्लास्टिकची पिशवी बांधलेली, हातात पंपाची नळी. पिशवीची एक गाठ सुटली. वर्षभराचं काळं पाणी बदाबदा खाली, आणि खाली नेमकी ती, कॉफीचे दोन पेले घेऊन. वाटलं आता किंचाळेल. तिनं पेले टीपॉयवर ठेवले. पिवळ्या कुर्त्यावरचा काळा ओघळ बोटानं पुसला, बोट बघितलं, म्हणाली, "हे आम्ही वर्षभर नाकात घेत होतो?"

बस. त्यानंतर मी कामाचा उरलो नाही. उरलेला एसी कसा धुतला देव जाणे.

मैथिली. रावांची नात. शहराच्या दुसऱ्या टोकाला, सिरुसेरीला, सॉफ्टवेअर कंपनीत आहे, तिकडंच हॉस्टेलला राहते. शुक्रवारी संध्याकाळी इकडं, आमच्या आवडी गावाला, आजी-आजोबांकडे, रविवारी परत. आईवडील तिरुचीला.

कुर्ता बदलून आली आणि विचारलं, "तू काय करतोस?"

मी म्हणालो, "मेकॅनिकल. फायनल इयर."

कुठून आलं तोंडात, माहीत नाही. कॉलेज सोडून चार महिने झाले. तेही थर्ड इयरला. लॅबमध्ये सर सगळ्यांसमोर म्हणाले, तुझ्या बापाला विचार फी कशाला भरतो. मी फाइल त्यांच्या टेबलावर आपटली आणि निघालो. फाइल अजून तिथंच असेल.

राव तेव्हा बाल्कनीत एसीच्या आउटडोअर युनिटपाशी उभे होते. काच सरकवलेली. ऐकलं असणारच. त्यांना बाबांनी सगळं आधीच सांगितलेलं. तरी राव नुसतं पाणी मारत राहिले.

९ फेब्रुवारी, सोमवार

रावांबद्दल लिहायचं राहून जातं. मला त्यांच्याकडे ढकललं बाबांनी. दोघं एकाच डिफेन्स फॅक्टरीतले, बाबा अजून आहेत, राव दहा वर्षांपूर्वी सुटले. "घरात बसून भिंतींशी भांडतो. तुम्ही न्या याला," असं बाबा म्हणाले, माझ्यासमोर, मी जणू जुना कूलर.

राव सत्तरचे. तंजावरचे मराठी, पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडं आलेले. 'आहे'ला 'अहे' म्हणतात, 'झालं'ला 'जाहलं'. पहिल्या दिवशी मला वाटलं थट्टा करतायत. भुसावळच्या पणजोबांचं पत्र कुणी मोठ्यानं वाचतंय असं वाटतं, मधे मधे तमिळ घालून. पहाटे साडेपाचला शटल खेळतात. सहासष्टाव्या वर्षी पोहायला शिकले. जानेवारी ते मार्च हे आणि सेल्वम सार (फॅक्टरीतलेच, इलेक्ट्रिशियन, तेही रिटायर) ओळखीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे एसी उन्हाळ्यासाठी तयार करून देतात. मोबदला कॉफी. मे महिन्यात कत्तरीचं, म्हणजे इथलं सगळ्यात कडक, ऊन सुरू झालं की कंपनीचा माणूस दहा दिवस फिरकत नाही, आणि एकट्या म्हाताऱ्याला दहा दिवस फार होतात, म्हणून. कठड्यावर चढायला त्यांना कुणीतरी पाहिजे होतं. तो मी.

आज त्यांनी कालच्या पाण्याची चिठी माझ्याकडून लिहून घेतली. ही त्यांची पद्धत. राव सदतीस वर्षं इन्स्पेक्शनला. त्यांच्या सेक्शनला काम ज्याच्या हातून बिघडलं त्यानंच, स्वतःच्या अक्षरात, चिठी लिहायची आणि ती दोऱ्यानं त्या जॉबला बांधायची. साहेबानं लिहायची नाही. दुसऱ्यानं लिहिलेली चूक माणूस वाचत नाही, म्हणतात.

लिहिलं: "पिशवीची गाठ नीट न बांधल्यामुळे पाणी सांडले. एक माणूस भिजले." खाली सही. राव मला तंबी म्हणतात, तमिळमधला धाकटा भाऊ; चष्मा वर करून म्हणाले, "माणूस भिजले? तंबी, नाव अहे की तिला."

नाव घातलं. चिठी आठवडाभर हॉलच्या एसीला लटकणार. शुक्रवारी ती वाचणार.

१४ फेब्रुवारी, शनिवार

वाचली. काल संध्याकाळीच. आज मी दारात आल्याआल्या म्हणाली, "एक माणूस भिजले, मैथिली. माझ्यावर कुणी एवढं चांगलं लिहिलं नव्हतं."

मी हसलो की काय केलं आठवत नाही. कान तापले.

आज सेल्वम सारांचे दोन एसी. ती पण आली, टॉर्च धरते म्हणाली. रावांना ती तमिळसारखं ताता म्हणते. दुसऱ्या एसीच्या ड्रेन पाइपमधून जेलीसारखा गोळा निघाला आणि त्यामागून एक पाल, वाळून खारीक झालेली. सेल्वम सारांच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. मैथिली (इथून पुढे मै.) टॉर्च न हलवता म्हणाली, "ताता, हिची पण चिठी बांधायची का?" राव म्हणाले, "तिची सही कोण करेल?"

मला पोट धरून हसू येत होतं आणि हात कॉइलमध्ये.

कॉफीच्या वेळी: "प्रोजेक्ट कशावर आहे तुझा?"

मी: "रेफ्रिजरेशनवर. हेच. फील्ड वर्क."

राव बिस्किट कॉफीत बुडवत होते. बिस्किट तुटून पडलं. चमच्यानं काढत बसले.

ती टेस्टिंगला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते. "घराण्याचाच धंदा," म्हणाली. आणि मी कुणासमोर खोटं बोलतोय, तर हिच्यासमोर.

सांगायचं. पुढच्या शनिवारी सांगायचं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

नाही सांगितलं. ती आज निळ्या कपड्यात होती.

२२ फेब्रुवारी, रविवार

चौथ्या मजल्यावर एक आजोबा, एकटे, मुलगी परदेशात. मी आउटडोअर उघडत होतो तर खुर्चीतून तमिळमध्ये, "शिकलायस का काही, की असंच?"

माझं डोकं गेलं. पाना खाली टाकला आणि म्हणालो, असंच, तुम्ही करून घ्या मग. राव आतून आले. मला काही नाही म्हणाले, त्या आजोबांना म्हणाले, "सार, हा माझा माणूस अहे," आणि पाना उचलून माझ्या हातात दिला. फॅन मोटरच्या मागे मैनेचं घरटं निघालं, सुकलेलं, रिकामं. त्यात आजोबांच्या हरवलेल्या चष्म्याची दोरी. आजोबांनी ती दोरी किती वेळ हातात धरली. जाताना मला दोन केळी दिली.

खाली जिन्यात राव म्हणाले, "राग येतो तो बरा. हात थांबतात ते बरं नव्हे."

हे बाबांनी म्हटलं असतं तर मी तीन दिवस जेवलो नसतो.

१ मार्च, रविवार

वाईट दिवस.

रावांच्या बेडरूमचा आउटडोअर आज हलवला. गरम हवा थेट आजीच्या कढीपत्त्यावर जायची, गेल्या उन्हाळ्यात झाड जवळजवळ गेलंच होतं. बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला नेला. नळ्या सोडायच्या, वाकवायच्या, परत जोडायच्या. नेहमीचं काम. सेल्वम सारांनी दोनदा शिकवलंय.

नट आवळत होतो आणि आत मै. आजीला सांगत होती, ऑफिसातला कार्तिक म्हणून कुणी आहे, त्यानं नवीन गाडी घेतली, शुक्रवारी थेट आवडीपर्यंत सोडतो म्हणतोय. आजी म्हणाली, बरं झालं, लोकलच्या गर्दीत नको.

मी पाना फिरवत राहिलो. एका जागी हाताला बारीकसं काहीतरी जाणवलं, नट हद्दीपलीकडे फिरल्यासारखं. कळलं मला. तेव्हाच कळलं.

राव आतून (गॅस गळत असेल तर साबणाच्या पाण्याला बुडबुडे येतात): "साबणाचं पाणी लावलंस? बुडबुडे पाहिलेस?"

"पाहिले."

मग निघालो. मै. नं विचारलं जेवणार नाहीस का, आजीनं पिठलं केलंय तुझ्यासाठी. नको म्हणालो. स्टेशनपर्यंत चालत गेलो, तिथून उगाच परत चालत आलो.

६ मार्च, शुक्रवार

कार्तिकचं लग्न ठरलंय. सेल्वम सारांकडून कळलं, ते सगळ्यांचं सगळं ओळखून असतात. मुलगी त्याच कंपनीतली, तिलाही अंबत्तूरला सोडायचं असतं म्हणून तो या बाजूला येतो.

मी एक नंबरचा गाढव. सहीनिशी.

नटचं डोक्यात येतं. एसी चालू आहे, कुणी काही म्हणत नाही. म्हणजे ठीक असेल.

१२ मार्च, गुरुवार

ठीक नाही.

आज दुपारी पंप परत द्यायला गेलो तर हॉलमध्ये जमिनीवर दोन गाद्या गुंडाळून ठेवलेल्या. आजीला विचारलं पाहुणे येऊन गेले का. म्हणाली, "नाही रे. आतला एसी थंड करत नाही, पाच दिवस जाहले. इथं निजतो आम्ही."

"मग हॉलचा लावता ना?"

"स्वयंपाकघराला दार कुठं अहे, थंड सगळं तिकडं जातं. पंख्यानं भागतं." आणि हसून, "लग्न जाहल्यावर पहिल्या वर्षी असंच हॉलमध्ये निजायचो, सासूबाई आत असायच्या."

आजीला बीपी आहे. पायांवर सूज दिसली.

"आजोबांनी सेल्वम सारांना नाही सांगितलं?"

"म्हणाले, ज्याचं काम अहे तो येईल."

टेबलावर चिठ्यांचं पॅड होतं. कोरं. वर पेन.

राव पोहायला गेलेले. मी पॅड न बघितल्यासारखं करून पळालो. हो, पळालो. वहीत तरी खरं लिहू.

आणि रस्त्यात राग आला तो रावांचा. ओरडत का नाहीत. बाबा ओरडतात, सर ओरडले, मला ओरडणाऱ्याशी भांडता येतं. असं पेन ठेवून पोहायला जाणाऱ्या माणसाचं काय करायचं?

१३ मार्च, शुक्रवार

सकाळी साडेसहाला शटल कोर्टवर गेलो. राव सर्व्हिस करत होते, अर्धी चड्डी, डोक्याला पट्टा. मला बघून खेळ थांबवला नाही. एकवीस पॉइंट होईपर्यंत मी उभा.

म्हणालो, "नट जास्त पिळला. बुडबुडे नाही पाहिले."

राव टॉवेलनं मान पुसत म्हणाले, "सेरि, बरं. केव्हा करायचं?"

एवढंच.

मग बरोबर चालत घरी. चिठी लिहिली. तीन वेळा फाडली. पहिल्यांदा लिहिलं, "नट पिळला गेला." राव म्हणाले, "आपोआप?" शेवटी: "नट जास्त पिळला. साबणाचे पाणी लावले नाही, तरी पाहिले म्हणालो. आजी-आजोबा सहा रात्री हॉलमध्ये झोपले." सही.

बांधताना गाठ दोनदा सुटली. खोटं नाही लिहीत.

१५ मार्च, रविवार

दुरुस्त केला. नळीचं तोंड चिरलं होतं, केसाएवढं. तेवढं कापलं, नवीन तोंड काढलं, नट हातानं बसवला, मग पान्यानं थोडा. प्रेशर दिलं. साबणाचं पाणी. मी, राव, सेल्वम सार, तिघं उन्हात उकिडवे बसून एका नटकडे बघत होतो, दहा मिनिटं. एकही बुडबुडा नाही. मग व्हॅक्यूम, मग गॅस. चार तास. राव माझ्यासोबत बाल्कनीतच. आत जा म्हटलं तर म्हणाले, "आत काय अहे? टीव्ही. टीव्हीत सगळी भांडतात."

आजीनं ताक आणून दिलं, आलं-मिरची घातलेलं. कढीपत्त्याला हात लावून बघितला, म्हणाली, नवीन पानं येतायत. तिला एसीचं काही नव्हतंच.

मै. नं चिठी वाचली होती. काही थट्टा करेल वाटलं. नाही केली. टॉर्चची गरज नव्हती तरी धरून बसली. मग म्हणाली, "असं लिहिता येतं सगळ्यांना असं नाही. आमच्या टीममध्ये एकाला येत नाही."

मला मेल्यासारखं झालं.

ती आत गेल्यावर राव हळू आवाजात म्हणाले, "अजून एक गळती अहे."

मी नटकडे बघितलं.

"तिथं नव्हे."

मग म्हणाले, "मी तिला सांगणार नाही. माझं काम नव्हे ते. तुझ्या बाबांनी मला सांगितलं ते मी ठेवलं, पण ती विचारेल तर मी लबाड बोलणार नाही. आत्तापर्यंत विचारलं नाही, बस."

"तुम्हाला राग नाही आला? त्याच दिवशी?"

"आला. पण तू छान पोरगा अहेस आणि माझी नात शहाणी अहे. दोघांस वेळ देऊ म्हटलं." साबणाचं भांडं उचलत, "फार वेळ देऊ नये, हे पण अहे."

२१ मार्च, शनिवार

रावांचा बेत ठरला. पाच एप्रिलला संध्याकाळी एग्मोर स्टेशनहून गाडी. राव-आजी, सेल्वम सार आणि त्यांच्या मिसेस. आधी तंजावर, मग पुढे डोंगरात महिनाभर. रावांनी नवीन बूट घेतलेत, घरात घालून फिरतात, चावू नयेत म्हणून. आजी म्हणते, "आमच्या मुलाला वाटतं आम्ही एसीत पडून अहो."

मै. एप्रिलभर शनिवार-रविवार येऊन झाडांना पाणी घालणार.

आज मी सांगणारच होतो. ती म्हणाली, "आईशी तुझ्याबद्दल बोलले." मी विचारलं काय. म्हणाली, "हेच. मुलगा रागीट आहे, पण चूक स्वतः लिहितो. मेकॅनिकल, फायनल इयर. प्रोजेक्ट चालू आहे." आणि इकडंतिकडं बघत राहिली. आपण असं का बोललो असं तिला वाटलं असावं.

म्हणजे तिनं घरी सांगितलं. म्हणजे. म्हणजे.

आणि माझं खोटं आता तिच्या तोंडून तिरुचीपर्यंत गेलं.



२७ मार्च, शुक्रवार, रामनवमी

रावांकडे पानकम. गूळ, सुंठ, वेलदोडा, लिंबू. मूगडाळीची कोशिंबीर. आईबाबा पण आले. सोळा माणसं, दोन्ही एसी चालू, दोन्ही छान. चौथ्या मजल्यावरचे आजोबा आले, चष्म्याला तीच दोरी.

मै. सुट्टी काढून आलेली. तिनं फोनवर आईला सगळ्यांना दाखवलं, खोलीभर फिरवलं. माझ्यावर आणलं. "अम्मा, हा तो."

स्क्रीनवर तिची आई. मै. सारखेच डोळे, थोडे दमलेले. म्हणाल्या, "कसा अहेस? परीक्षा केव्हा?"

बाबा माझ्या उजव्या हाताला, एक हात अंतरावर. आई त्यांच्या मागे. खोलीत राव, आजी, सेल्वम सार. परीक्षा नाही हे सगळ्यांना माहीत. विचारणारी आणि फोन धरणारी, या दोघींनाच नाही.

मी म्हणालो, "मे महिन्यात."

बाबांनी पेला खाली ठेवला. आईनं त्यांच्या दंडाला हात लावला. राव स्वयंपाकघरात गेले आणि परत बाहेर आलेच नाहीत, आजीला भांडी लावू लागले.

मला वाटलं घरी गेल्यावर पेटेल. नाही. बूट काढताना बाबा एवढंच म्हणाले, "त्या बाईंनी मला विचारलं असतं, तर मी काय म्हणायचं होतं?"

गेल्या ऑक्टोबरपासून पहिल्यांदा मी त्यांच्याशी भांडलो नाही.

२९ मार्च, रविवार

गेलो नाही. पोट बिघडलंय सांगितलं. हेही खोटं. आता सवयच झाली.

मै. चा मेसेज: "ओवा घे." मग: "आजी म्हणते डाळिंबाची साल."

मेसेजमध्ये सांगावं म्हणून लिहायला बसलो. सात वेळा लिहिलं, पुसलं. शेवटचं बरं झालं होतं. पण मेसेज तिनं एकटीनं वाचायचा, हॉस्टेलच्या खोलीत, आणि मी समोर नसायचं. ते बरोबर नाही. पिशवी सोडून स्टुलावरून पळाल्यासारखं.

१ एप्रिल, बुधवार

सिरुसेरीला गेलो. लोकल, मग दोन बस. अडीच तास. पाठ भिजून शर्ट चिकटला. गेटसमोर काचेच्या इमारती, सावली फक्त एका सब्जा-सरबताच्या गाडीची. वॉचमननं विचारलं कुणाला भेटायचं. नाव सांगितलं. "अपॉइंटमेंट?"

आज एक एप्रिल. हे तेव्हाच लक्षात आलं. आज सांगितलं तर तिला वाटेल गंमत. आणि गंमत नाही हे पटवावं लागेल. तिच्या ऑफिसच्या गेटवर.

नन्नारीचं, म्हणजे अनंतमुळाचं, सरबत प्यायलो आणि परतलो. अडीच तास. आई म्हणाली कुठं होतास. सिरुसेरीला, खरं सांगितलं. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "जाऊन येऊन पाच तास. मुलगी चांगली असणार."

४ एप्रिल, शनिवार

रावांची बॅग भरायला बोलावलं होतं. म्हणजे बॅगेवर बसायला. मै. मंडईत गेलेली, तिची वाट बघितली नाही.

रावांनी घराच्या चाव्यांचा जुडगा दाखवला, मेन स्विच, स्टॅबिलायझर. "मी नसता कुणाचा एसी अडला तर तू आणि सेल्वमचा भाचा." मग यादी दिली. सव्वीस घरं. प्रत्येकासमोर रावांच्या अक्षरात: कान कमी ऐकतात, बेल दोनदा. कुत्रा चावत नाही. यांना बोलायचं असतं, अर्धा तास जास्त धर.

मी म्हणालो, "माझ्यावर कसं सोपवता? मी मैथिलीला अजून..."

राव बुटाची नाडी बांधत होते. "एसी तुला येतो. ते सिद्ध जाहलं. ते दुसरं, तुझं तू बघ."

"उद्या सांगतो."

"माझी गाडी संध्याकाळची अहे," राव म्हणाले. "त्याच्या आधी सांग. ती रडली तर तिची आजी जवळ असावी."

तिच्या रडण्याचा मी विचारच केला नव्हता. दोन महिने फक्त माझा चालला होता.

५ एप्रिल, रविवार

क्रमानं लिहितो, नाहीतर विसरेन. विसरणार नाही, तरी.

अकराला गेलो. राव म्हणाले आम्ही प्रवासासाठी गोळ्या आणायला निघालो, आणि आजीला घेऊन खाली गेले. मेडिकल खालीच आहे. दोघं तिथल्या बाकावर बसली असणार.

मै. हॉलमध्ये, लॅपटॉप, एसी चालू. मी बसलो नाही.

"मी फायनल इयरला नाही. थर्ड इयरला कॉलेज सोडलं, ऑक्टोबरमध्ये. प्रोजेक्ट नाही. परीक्षा नाही. पहिल्या दिवशी बोललो ते खोटं, नंतरचंही सगळं खोटं."

तिनं लॅपटॉप बंद केला. हळूच, आवाज न करता.

"का सोडलंस?"

सांगितलं. सर, फाइल, बाबांवरून बोलले ते. ती ऐकत राहिली.

"हे सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं, तुला काय वाटलं?"

"माहीत नाही. तू कुर्त्यावरचं पाणी पुसत होतीस."

"ताताला माहीत होतं?"

"हो."

"आजीला?"

"हो."

"सेल्वम सार?"

मी मान डोलावली.

"म्हणजे रामनवमीला सोळा माणसं होती आणि अम्मा आणि मीच." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं. "मी फोन धरला होता. माझ्या हातानं."

मला डोक्यात ते सुरू झालेलं कळत होतं, तोच जाळ, की मी येऊन सांगतोय ना, अजून काय करू. ओठांपर्यंत आलं. गिळलं. पहिल्यांदाच गिळलं असेल.

"अम्माला मी काय सांगू आता?" ती म्हणाली.

"खरं."

"मी सांगू? बोललास तू."

"दे फोन."

तिला वाटलं नसावं मी असं म्हणेन. माझ्याकडे बघितलं, मग लावला, माझ्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

तिच्या आईनं उचलला. पलीकडे कुकरची शिटी. मी सगळं सांगितलं, उभ्यानं, एका दमात, मराठीत, आणि घाबरून अर्धं तमिळमध्ये. मे महिन्यात परीक्षा म्हणालो ते खोटं होतं. तुमच्या मुलीला माहीत नव्हतं. तिनं तुम्हाला खोटं सांगितलं नाही, मी सांगितलं.

पलीकडे गॅस बंद केल्याचा आवाज. मग त्या म्हणाल्या, "आता काय करतोस?"

"एसी करतो. यादी आहे, सव्वीस घरं. बाबांनी कॉलेजच्या परत प्रवेशाचा फॉर्म आणून ठेवलाय, तो भरायचा की नाही ते अजून ठरवलं नाही. भरला तर मी भरीन, कुणी म्हणालं म्हणून नाही."

"हं," त्या म्हणाल्या. "तिच्याकडे दे."

दिला. मै. आत गेली. दार लोटलेलं, आवाज कळत होता, शब्द नाही. मी हॉलमध्ये उभा. चार मिनिटं. घड्याळ समोरच होतं.

ती बाहेर आली. डोळे लाल होते, पण रडून झालेले. फोन टीपॉयवर पालथा ठेवला.

मी म्हणालो, "आणखी एक सांगायचं होतं. ते खोटं नाही."

"आज नको," ती म्हणाली.

'आज', असं म्हणाली. नुसतं 'नको' नाही. जिन्यापासून इथपर्यंत हेच घोळवतोय, आणि त्यावर काही बांधू नये हेही कळतंय.

मी चपला घातल्या. अंगठा सापडेना, वाकून हातानं घातली. ती लॅपटॉप उघडून बसली होती, स्क्रीन काळीच, तिनं बटण दाबलं नव्हतं.

दारात पोचलो तर मागून, माझ्याकडे न बघता:

"दार नीट लावून जा. थंड सगळं बाहेर जातं."

बाहेर आलो. जिन्यात भट्टी. दार ओढलं, आवाज येईपर्यंत, आणि मग हातानं एकदा ढकलून बघितलं.